व्हीबी ६ सोडायचंय, फ्रंट-एंड कशात करावा?

उद्यमबागकर:
नमस्कार मंडळी. आमची कास्टिंगची कंपनी आहे, ऑफिस आणि फौंड्री बेळगावच्या उद्यमबागेत, मशीन शॉप मच्छेत. हीट नंबर (भट्टीतल्या एकेका वितळणीचा नंबर), पॅटर्न, रिजेक्शन, डिस्पॅच सगळं व्हीबी ६ (मायक्रोसॉफ्टचं जुनं व्हिज्युअल बेसिक) च्या जुन्या प्रोग्रॅमवर चालतंय, मागं एमडीबी, म्हणजे डेटाची फाइल, सर्व्हरवर शेअर करून ठेवलेली. करंट गेला की फाइल करप्ट, मग कॉम्पॅक्ट-रिपेअर करत बसायचं, त्यात सोमवारची एंट्री गेली की सुपरवायझर माझ्याच नावानं शंख करतो. प्रोग्रॅम केलेला माणूस पुण्याला गेला. मालकांनी आता एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) घ्यायला हो म्हटलंय, तेवढं ठरलं. पण समोरची स्क्रीन कशात करू? अ‍ॅक्सेस, सी शार्प विनफॉर्म्स (पीसीवर चालणारा विंडोज प्रोग्रॅम), का वेब? साधारण ३५ जण वापरणार. आणि एक, कामगारांची नावं गेट पासवर कन्नडात पण यायला पाहिजेत आणि मराठीत पण.

निपाणीवाला:
अ‍ॅक्सेसच ठेवा की. टेबलं एसक्यूएल सर्व्हरवर हलवा, ओडीबीसीनं (डेटाबेस जोडायचा ड्रायव्हर) लिंक करा, फॉर्म आणि रिपोर्ट अ‍ॅक्सेसमध्ये. रनटाइम, म्हणजे नुसता प्रोग्रॅम चालवायची आवृत्ती, फुकट मिळतो, त्यामुळं प्रत्येक पीसीवर पूर्ण अ‍ॅक्सेस घ्यावा लागत नाही. एमडीबीची २ जीबीची मर्यादा पण जाते कारण डेटा तिथं राहतच नाही, आणि करंट गेला तरी सर्व्हर ट्रान्झॅक्शन लॉगवरून (बदलांच्या नोंदीवरून) सावरतो. फक्त फ्रंट-एंडची, म्हणजे फॉर्म-रिपोर्टच्या फाइलची, कॉपी प्रत्येकाच्या पीसीवर वेगळी ठेवा, एकच फाइल सगळ्यांनी उघडली की परत तेच रडगाणं.

शहापूरची:
एकाच बिल्डिंगमध्ये असते तर ठीक होतं हो दादा. पण मच्छेतून इंटरनेटवरून लिंक्ड टेबल उघडून बघा, एक लिस्ट यायला चहा पिऊन होतो, कारण कित्येकदा अ‍ॅक्सेस अख्खं टेबल इकडं ओढून घेतो आणि मग चाळत बसतो. मी वेब म्हणेन. नवीन व्हर्जन आलं की ३५ पीसींवर फिरत बसायला नको, सर्व्हरवर एकदा टाकलं की झालं.

पण एक गोष्ट आधीच सांगते, आम्ही यातच मार खाल्लाय. जुन्या प्रोग्रॅममध्ये एंटर दाबला की पुढच्या चौकटीत जायचं, ऑपरेटरच्या बोटात ते बसलेलं असतं, स्क्रीनकडं न बघता एंट्री चालू असते. ब्राउझरमध्ये एंटर दाबला की फॉर्मच सबमिट होतो! पहिल्याच दिवशी आमच्याकडं अर्धवट एंट्र्यांचा ढीग पडला, अण्णा लोकं म्हणाली जुनंच द्या. शेवटी एंटरला टॅबसारखं वागवायचा कोड घातला, मगच शांती.

खानापूरचा पाव्हणा:
टूल राहू दे गा बाजूला, कन्नड-मराठीचं आधी बघ. व्हीबी ६ चे नेहमीचे कंट्रोल युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीचं एकच कोडिंग) जाणत नाहीत, त्यामुळं तुझी जुनी नावं बहुतेक कुठल्यातरी फॉन्टात टाइप केलेली असणार, नुडी नाहीतर श्रीलिपी. तो फॉन्ट काढला की खाली नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. ते आधी कन्व्हर्टरनं युनिकोडात आण आणि कुणाला तरी वाचायला बसव, जोडाक्षरं हमखास चुकतात. टेबलात एनव्हारकार (युनिकोड मजकुराचा) कॉलम घे. आणि क्वेरीत हातानं नाव लिहीत असशील तर अवतरणचिन्हाच्या आधी एन (N) लावायचा विसरू नको, नाहीतर सगळं ???? होऊन बसतंय.

उद्यमबागकर:
व्हय, श्रीलिपीच आहे. मी आत्ताच एक टेबल उघडून बघितलं, चिवडाच चिवडा.

निपाणीवाला:
वेबच करायचं तर नवीन फॅशनच्या मागं लागू नका एवढंच. सिल्व्हरलाइट, मायक्रोसॉफ्टचं ब्राउझरचं प्लगइन, आठवतंय? क्रोमनं २०१५ मध्येच तसले प्लगइन काढून टाकले आणि २०२१ च्या ऑक्टोबरात सपोर्टच संपला. उलट व्हीबी ६ च्या प्रोग्रॅम लिहायच्या टूलला २००८ पासून सपोर्ट नाही तरी तुमचं चालूच आहे!

शहापूरची:
म्हणूनच रेट, स्टॉक, रिजेक्शनची गणितं स्क्रीनमध्ये लिहू नका, स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच ठेवलेल्या कोडमध्ये, घाला. उद्या स्क्रीन बदलली तरी हिशोब तोच राहतो. तुमच्याकडं पुढं सांभाळणार कोण पण?

उद्यमबागकर:
मी आणि एक पोरगा, त्याला सी शार्प येतंय, जावास्क्रिप्ट जेमतेम.

शहापूरची:
मग रिअ‍ॅक्ट नको, ते जावास्क्रिप्टवर चालतं. एएसपी डॉट नेट कोअरमध्ये रेझर पेजेस (सी शार्पमध्ये वेब पानं करायची पद्धत) घ्या, भाषा तीच राहते. उद्यमबागेतल्या ऑफिसला रिपोर्टसाठी अ‍ॅक्सेस चालू ठेवलात तरी बिघडत नाही.

उद्यमबागकर:
हे पटलं. आधी नावांचं कन्व्हर्जन, मग फक्त डिस्पॅचची एकच स्क्रीन वेबवर करून मच्छेत चालवून बघतो, एंटर सकट. बाकी जुनंच चालू दे तोवर. पोराला सांगितलंय, तो म्हणतो शनिवारी बसू.

खानापूरचा पाव्हणा:
एमडीबीची कॉपी काढून ठेव मर्दा, शनिवारच्या आधी.