मदत हवी आहे : स्पेलचेक 'घरातल्यांनी'वर अडतोय

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यासाठी लग्नपत्रिकांचं छोटं सॉफ्टवेअर करून राहिलो. त्यात हनस्पेल (शब्दयादी आणि प्रत्ययांचे नियम वापरून स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर) जोडलं. 'घर' बरोबर, 'घरात' बरोबर, पण 'घरातल्यांनी' आलं की लाल रेघ! ('चि. सौ. कां.'चं तर विचारूच नका.) हनस्पेल प्रत्ययांचे दोनच थर सोलतं, आपली मराठी एकावर एक चढवतच जाते. मग तयार रूपं शब्दयादीतच कोंबू, की अफिक्स फाइलमध्ये (हनस्पेलचे प्रत्ययांचे नियम जिथे असतात ती) जोडप्रत्यय एकत्र लिहू? यादी फुगली तर तिथला जुना पीसी बसलाच समजा.

आणखी एक. 'ऱ' कोणी एकाच कळीनं टाइप करतं, कोणी 'र'ला नुक्ता (खालचं टिंब) देऊन. दिसायला सारखं, तपासणीत वेगळं. आधी युनिकोडचं एनएफसी (दोन तऱ्हेनं लिहिलेलं एकच अक्षर एका रूपात आणणं) केलं तर पुरेल का? कोणी केलं असेल तर सांगा ना भाऊ.