गाडी जाते, तंबू राहतो: कॅम्परव्हॅनच्या ऑनिंगचे अनुभव

व्हॅनच्या सरकत्या दाराला बोगद्यानं जोडायचा, पण गाडी निघून गेली तरी स्वतःच्या खांबांवर उभा राहणारा तंबू, म्हणजे ड्राइव्ह-अवे ऑनिंग. जाहिरातीत तो हिरवळीवर दिसतो. आपल्याकडे काळी माती, मुरूम आणि मे महिन्यातलं वावधन. विदर्भात ज्यांनी वापरला त्यांनी लिहा: टिकतो का, आणि गाडी परत आल्यावर जुळतो का?

वरुड
संत्र्याच्या बागेत, धुऱ्याला लावतो आम्ही. सोबत येणाऱ्या बारीक खुंट्या आपल्या मातीत कामाच्या नाहीत बाप्पा. उन्हाळ्यात भेगेत गेलेली खुंटी सरळ हातात येते, आणि एक सर पडली की तीच माती लोण्यासारखी. लोहाराकडून सळईचे हातभर तुकडे वाकवून आणले. सब्बलनं भोक पाडून तिरपे ठोकायचे, डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं. गाडी सुटल्यावर सगळा ताण याच दोऱ्यांवर येतो.

मोहर्ली, ताडोबा
पहाटेची सफारी जिप्सीतून, पण गेटपर्यंत आपलीच गाडी. म्हणून रात्रीच छतावरचे पट्टे सोडतो, बोगदा गुंडाळून बांधतो आणि तंबूची चेन लावतो. अंधारात हे करायला गेलं की पोट्टे उठतात. गाडी सरळ पुढे काढायची, जागच्या जागी वळवायची नाही. निघण्याआधी पुढच्या-मागच्या चाकाला एकेक वीट लावून ठेवतो. परतल्यावर चाकं त्याच विटांना लागली की बोगदा हातभरसुद्धा ओढावा लागत नाही. खायचं मात्र तंबूत ठेवून जाऊ नका, वानरं चेन उघडायची वाट पाहत नाहीत. मंगळवारी ताडोबा बंद, त्या दिवशी गाडी हलवायचीच नाही.

चिखलदरा
इथं चार बोटं मातीखाली काळा दगड. खुंटी वाकते, दोरी मोठ्या धोंड्याला बांधावी लागते. पावसाळ्यात खरी अडचण बोगद्याची: गाडीच्या छताचं पाणी तिथंच साचतं. बोगदा ताणून, तंबूकडून गाडीकडे चढता ठेवला तर पाणी वाहून जातं. नुसते पट्टे टाकले तर वाऱ्यानं फट पडते. छताला रेल बसवून तीत रबरी पट्टी सरकवली की पडत नाही.

आर्वी
आमची ईको. दोन्ही बाजूंना सरकतं दार, म्हणून दुपारचं ऊन पाहून बाजू ठरवतो. बाकी वरुडवाल्या भाऊंसारखंच.

चामोर्शी
महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत वैनगंगेच्या वाळूत लावला. वाळूत सळईही धरत नाही. खताच्या रिकाम्या गोण्या वाळूनं भरून दोरीसकट पुरल्या, तेव्हा तंबू जागचा हलला नाही. जवळच्या नातेवाइकांनी मात्र गाडी नसताना तो धर्मशाळा समजून वापरला!

यवतमाळ
थंडीत कोणी आत कोळशाची शेगडी ठेवू नका. बंद तंबूत तिचा विषारी वायू साचतो, वास येत नाही. आणि ट्रॅव्हलरवाल्यांनी घेण्याआधी जमिनीपासून छतापर्यंत फीत लावावी. बुटक्या आणि उंच गाड्यांचे बोगदे वेगळे असतात.

गोंदिया
नवेगावबांधला डिसेंबरात सकाळी आतून थेंब पडतात. तंबू गळतो का?

मोहर्ली, ताडोबा
नाही ताई, श्वासाची वाफ आहे ती. वरची खिडकी बोटभर उघडी ठेवा, आणि ओला घडी केला असेल तर घरी पोचल्या पोचल्या दोरीवर टाका, नाही तर बुरशी धरते.