सात दिवसांत चार किलो?

लग्नाआधी सात दिवस नुसत्या काकडी-ज्यूसवर राहून चार किलो उतरतील का, असं एका ताईंनी विचारलंय. काट्यावर उतरतीलही, पण त्यात चरबी थोडीच असेल. शरीर साखर ग्लायकोजेन या रूपात साठवून ठेवतं, आणि त्याच्या १ ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. खाणं तोडलं की आधी तेच जातं, आणि पोळी-भात सुरू केला की परत येतं. १ किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. आठवड्यात ४ किलो जाळायची तर रोज ४४०० ची तूट हवी. आपला दिवसभराचा खर्चच तेवढा नसतो!

माझ्या वहिनीनं मागच्या मे महिन्यात हेच केलं. नागपूरचं ऊन, पोटात काही नाही. पाचव्या दिवशी सीताबर्डीत साडीच्या दुकानाच्या पायरीवरच मटकन बसली, हात गारठलेले, ओठ पांढरे. मी जाम घाबरले होते. पुढे दोन महिन्यांत सगळं वजन परत आलं.

नंतर तिनं रात्रीचा भात अर्धा केला, तर्री-पोहे फक्त रविवारी, आणि सकाळी अंबाझरीला चालणं. हळूहळू उतरतंय, पण टिकतंय.

आणि ताई, शुगर-बीपीच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नका, प्लीज.