गाडीचे पुढचे ब्रेक पॅड बदलताना डिस्कही बदलायची का?

वाटसरू: पेट्रोल हॅचबॅक. पुढचे पॅड 3 मिमीवर आलेत. डिस्कच्या कडेला नख अडकेल असा कंगोरा आहे आणि ब्रेक दाबला की पेडल थरथरतं. नुसते पॅड घालून भागेल?

पाना१४: थरथर असेल तर नाही भागणार. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. घासलेल्या पट्ट्यात मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी मोजा. साधा व्हर्नियर कंगोऱ्यावर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. बदलायच्या तर डाव्या-उजव्या दोन्ही. खरी चूक पुढे होते: हबवरचा (डिस्क ज्यावर बसते त्या भागावरचा) गंज तसाच राहतो. गंजाची बारीकशी खपली मागे राहिली तरी डिस्क तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच थरथर परत येते. हब तारेच्या ब्रशने लखलखीत करा. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा.

घाटरस्ता: कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्रेक ऑइलच्या होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. कॅलिपरमधला पिस्टन सी-क्लॅम्पने हळूहळू आत ढकला, पण रिझर्व्हॉयरवर (ब्रेक ऑइलच्या टाकीवर) लक्ष ठेवा; ऑइल वर येऊन सांडलं तर रंग खातं. कॅलिपर ज्यावर सरकतो त्या गाइड पिनला सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं, पिन अडकते आणि एकच पॅड झिजतो.

वाटसरू: मग लगेच चालवायची?

पाना१४: आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 किमीवरून 10 पर्यंत ब्रेक लावा, आठ-दहा वेळा, मध्ये थंड होऊ देत. पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवू नका, तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो.