आईचा कोविडचा रिपोर्ट अजून पॉझिटिव्ह, २ फेब्रुवारी २०२२ चं विमान: अमेरिकेच्या ९० दिवसांच्या नियमाबद्दल मदत हवी आहे

(नंतरची भर: हा धागा २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीतला, नियमही तेव्हाचे. अमेरिकेची टेस्टची अट जून २०२२ मध्ये आणि लसीची मे २०२३ मध्ये उठली.)

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

आई (वय ६७) व्हिजिटर व्हिसावर अमेरिकेला निघालीय. माझ्या धाकट्या बहिणीला तिथे बाळंतपणासाठी फेब्रुवारीच्या मध्याची तारीख दिलीय. विमान थेट आहे, २ फेब्रुवारीला पहाटे १.५५ चं. लसीचे दोन्ही डोस सप्टेंबर २०२१ मध्येच पूर्ण झाले आणि लस जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतली आहे, म्हणजे अमेरिकेची ८ नोव्हेंबर २०२१ पासूनची लसीची अट पार. अडलंय ते टेस्टवर.

२ जानेवारीला तिला ताप आला, ४ तारखेला स्वॅब दिला, पॉझिटिव्ह. आठवड्याभरात बरी झाली, आता पूर्वीसारखी मला ओरडतेही. पण खात्री करावी म्हणून २२ तारखेला पुन्हा आरटीपीसीआर केली (हा शहाणपणा माझाच), तर परत पॉझिटिव्ह! सीटी व्हॅल्यू ३३ (हा आकडा जितका मोठा, तितका विषाणूचा अंश कमी). डॉक्टर म्हणतात, विषाणूचे निर्जीव तुकडे आठवडेच्या आठवडे सापडत राहतात, आता तिच्यापासून कुणाला धोका नाही. मला पटलं. काउंटरवरच्या माणसाला पटेल का?

तिकीट काढून देणारे म्हणतात, ६ डिसेंबरपासून १ दिवस आधीचा निगेटिव्ह रिपोर्ट लागतोच, तारीख पुढे ढकला. सीडीसीच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) नियमांत मात्र मी वाचलं की ९० दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र असेल तर निगेटिव्ह लागत नाही. कुणी असं प्रत्यक्ष गेलंय का?

आणि खरी गोम पुढेच आहे. स्वॅब घ्यायला आलेल्या मुलाने दारातूनच "पेशंटचं नाव?" विचारलं आणि मी तापाच्या गडबडीत "माई" म्हणाले. ४ तारखेच्या रिपोर्टवर तेच छापून आलंय: माई, पुढे आडनाव, वय ६७. जन्मतारीख नाही, पासपोर्ट नंबर नाही. पासपोर्टवरचं नाव अर्थातच वेगळं.

पाऊलवाट: नियम तुम्ही बरोबर वाचलाय. आमचे बाबा डिसेंबरात असेच गेले. पत्र लेटरहेडवर हवं, डॉक्टरांचं नाव, पत्ता, फोन, सही, तारीख सगळं त्यावर. मजकुरात प्रवासाला हरकत नाही हे स्पष्ट. काउंटरवरचा कर्मचारी टिमॅटिकमध्ये (विमान कंपन्या देशोदेशीचे प्रवेशाचे नियम बघतात ती प्रणाली) नियम बघतो. त्याने नाही म्हटलं तर वाद घालू नका, "टिमॅटिकमध्ये बघता का" एवढंच म्हणा. पण नाव जुळलंच पाहिजे. "माई" चालणार नाही.

सरमिसळ: २२ तारखेचा रिपोर्ट वापरा की! त्यावर नाव नीट आहे ना?

धागाकर्ती: आहे, पासपोर्ट नंबरही आहे.

पाऊलवाट: थांबा. नुसता तो दाखवलात तर समोरचा २२ पासून विलगीकरणाचे १० दिवस मोजायला लागेल आणि १ फेब्रुवारीच्या रात्री तुम्ही काठावर. पत्रात लक्षणं २ जानेवारीला सुरू झाली, विलगीकरण संपलं, हे तारखांसकट लिहून घ्या. ४ तारखेचा रिपोर्टही दुरुस्त करून मागा. लॅबवाले आधी नाहीच म्हणतात, स्वतः जाऊन पासपोर्टची प्रत पुढे ठेवा.

अनाहूत: आरटीपीसीआरचाच हट्ट कशाला? अमेरिकेला अँटिजेनही (झटपट होणारी दुसरी कोविड टेस्ट) चालते आणि बरं झाल्यावर ती बहुधा लवकर निगेटिव्ह येते. फक्त लॅबमधून रिपोर्टसकट करा, घरचं किट नको. १ दिवस म्हणजे २४ तास नव्हे, आदला कॅलेंडर दिवस. तुमचं विमान २ तारखेचं, म्हणजे १ तारखेला सकाळी केली तरी चालेल. ३१ ला चुकूनही करू नका.

धागाकर्ती: अँटिजेनचं डोक्यातच आलं नव्हतं. दोन्ही तयारी ठेवते. लॅबमध्ये तासभर बसून राहिले, शेवटी त्यांनी नाव आणि जन्मतारीख घालून सुधारित रिपोर्ट दिला. नमुना घेतल्याची तारीख ४ जानेवारीच आहे, ते आधी तपासलं.

सरमिसळ: अटेस्टेशनचा फॉर्म (लस-टेस्टबद्दलचं प्रवाशाचं सहीचं प्रतिज्ञापत्र) विसरू नका. घरीच भरून ठेवा, रांगेत चष्मा शोधत बसावं लागतं.

धागाकर्ती (३ फेब्रुवारी): पोचली! अँटिजेन निगेटिव्ह आली. काउंटरवरच्या मुलाने रिपोर्ट घेतला, पासपोर्ट उघडला आणि नावावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत गेला. माझा श्वास अडकलेला. डॉक्टरांचं पत्र आणि बाकीची फाइल त्याने उघडलीच नाही. आईचा पोचल्यावरचा पहिला मेसेज: "त्या फाइलचं ओझं मी उगाच वाहिलं."

परतीच्या टेस्टचं कुणाला ठाऊक असेल तर सांगा. तिकीट जुलैचं आहे.