थंडी, कविता आणि बहिणाबाई : तुमच्या आठवणी लिहा

रानजाई :
काल लेक 'खोप्यामधी खोपा' पाठ करत होती आणि मला आजीची चूल आठवली. ३ डिसेंबरला बहिणाबाईंचा स्मृतिदिन. १९५१ साली त्या गेल्या, पुस्तक आलं १९५२ मध्ये. लिहिता-वाचता येत नव्हतं, मुलाने, सोपानदेवांनी, ओव्या टिपून ठेवल्या म्हणून आपल्याला मिळाल्या. माझी आजीही निरक्षर. थंडीत पहाटे भाकरी थापताना 'अरे संसार संसार' म्हणायची. चटक्यांची ओळ आली की तव्यावरची भाकरी बोटांनीच उलटायची, उलथनं बाजूला पडलेलं. तुमच्या घरी थंडीत कोणाची कविता असते?

भुसावळकर :
असोदा त्यांचं माहेर!! आणि भरिताची वांगीही असोद्याचीच. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली. बस, एवढंच लिहायचं होतं.

चांदणवेल :
@भुसावळकर कांद्याची पात घालता की नाही?

भुसावळकर :
घालतो म्हणजे काय, घालावीच लागते ताई. सोबत कळण्याची भाकरी.

नदीकाठ :
आमच्याकडे मर्ढेकर. १ डिसेंबर १९०९ चा जन्म, तोही खानदेशातच, फैजपूरला. बाबा 'शिशिरर्तुच्या पुनरागमें' म्हणायचे, अंगणात पानं झाडता झाडता. लोकांना त्यांची पिपातल्या उंदरांची कविताच आठवते, पण 'शिशिरागम' संग्रहातला हळवा मर्ढेकर मला जास्त जवळचा. तो वाचल्याशिवाय पुढचा कळतच नाही असं माझं ठाम मत आहे.

मळेवाला :
बहिणाबाईंची 'उपननी' कोणीच कशी नाही लिहिली? खळ्यावर धान्य उफणायला घेतलं आणि वारा पडला की काय होतं ते शेतकऱ्यालाच ठाऊक. पाटी डोक्यावर धरून हात भरून येतात, वारा काही येत नाही. बहिणाबाई त्याला 'मारोतीच्या बापा' म्हणून हाका मारतात, गुंगारा देऊ नको म्हणतात. आमचे काका खळ्यात उभे राहून ह्याच ओळी ओरडायचे. आता मळणीयंत्र आहे, वाऱ्याची वाट कोण बघतो.

अबोली :
आई मागच्या हिवाळ्यात गेली. शेवटी शेवटी नावं विसरायची, माझंसुद्धा. पण 'मन वढाय वढाय' मी सुरू केलं की पुढचं ती म्हणायची, एक शब्द न चुकता. अजून लिहायचं होतं, नंतर लिहिते.

रानजाई :
अबोली, सावकाश लिही गं. 🙏

चांदणवेल :
अबोली, मिठी. माझ्या सासूबाईंचंही असंच, पण त्यांचं कवी बा. भ. बोरकरांचं. गोव्याच्या त्या. ३० नोव्हेंबरला बोरकरांची जयंती असते, त्या दिवशी सकाळपासून घरात कोकणी नि मराठी कविता आलटून पालटून. नातवंडं पळून जातात, मी बसते.

मळेवाला :
@भुसावळकर जळगावात वांगी सुरू झाली का? पुढच्या आठवड्यात येतोय.

भुसावळकर :
झाली की. या घरीच, आई लेवा गणबोलीतच, म्हणजे बहिणाबाईंच्याच बोलीत, ओव्या म्हणते, ऐकवतो.