मदत हवी आहे: जांघेतला नायटा, आपोआप बुजलेली जखम आणि घरात गरोदर वहिनी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. माझा चुलतभाऊ ट्रक चालवतो, जिनिंगमधून कापसाच्या गाठी घेऊन बाहेरच असतो. उन्हाळ्यापासून त्याच्या जांघेत खाज आहे. मेडिकलवाल्याने ट्यूब दिली. लावली की दोन दिवसांत आराम, बंद केली की दुप्पट. आता चट्टा कमरेपर्यंत चढलाय. कडा लाल, उंच; मधली कातडी काळपट. मांडीला आतून बाळंतिणीच्या पोटासारख्या रेघा पडल्यात. वहिनींच्या कमरेवरही तसाच गोल चट्टा उठलाय.

खरी काळजी पुढेच आहे. दिवाळीच्या सुमारास त्याच्या लिंगावर जखम झाली होती. दुखत नव्हती, काही आठवड्यांत आपोआप भरली. बाहेर संबंध आला होता, हे त्याने मला परवा सांगितलं. "जखम तं बुजली, आता डाक्टरले काय दाखवू?" असं म्हणतो. वहिनींना चौथा महिना आहे आणि त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात तो जात नाही, तिथली सिस्टर ओळखीची. 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' अशी पाटी लावलेल्या एकाकडे मात्र जायला तयार आहे. हे दोन्ही एकच दुखणं आहे का? कुठे न्यावं? नाव बाहेर फुटेल का? कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद (त्वचारोग विभागात काम करणारी ताई)

दादा, दोन्ही वेगळी दुखणी दिसतात. पक्कं तपासूनच कळेल.

चट्ट्याचं वर्णन नायट्याचं आहे. अशा ट्यूबमध्ये बहुतेक वेळा बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉलसारखं जोरदार स्टेरॉइड असतं. त्याने खाज दबते आणि बुरशी आत पसरत राहते. त्या रेघाही त्यानेच पडतात. ट्यूब फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला न्या. चट्ट्याच्या कडेची खरवड काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, साधी तपासणी आहे. गोळ्या काही आठवडे घ्याव्या लागतात, चट्टा दिसेनासा झाला तरी मधेच सोडायच्या नाहीत. आणि भावाच्या गोळ्या वहिनींना देऊ नका. गरोदरपणात औषध वेगळं असतं.

जखमेचं मात्र आजच मनावर घ्या. न दुखणारी आणि आपोआप भरणारी जखम ही सिफिलिसची, म्हणजे संबंधातून लागणाऱ्या गुप्तरोगाची असू शकते. जखम जाते, रोग रक्तात राहतो. पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारे डाग येऊ शकतात. व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही रक्ततपासणी करा, सोबत एचआयव्हीचीही. सुरुवातीच्या टप्प्यात बेन्झाथिन पेनिसिलिनचं 24 लाख युनिटचं इंजेक्शन पुरतं. किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. वहिनींची तपासणी टाळू नका. आईला सिफिलिस असेल आणि उपचार झाले नाहीत, तर पोटातल्या बाळाला लागण होऊ शकते, बाळ दगावूही शकतं. वेळेत पेनिसिलिन मिळालं तर बाळ वाचतं. दोघांचे उपचार होईपर्यंत संबंध बंद.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा, नाहीतर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे लैंगिक आजारांवर मोफत उपचार होतात. एचआयव्हीचा निकाल संमतीशिवाय उघड करायला 2017 च्या कायद्याने मनाई आहे. आधी बोलायचं असेल तर 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे. पाटीवाल्याकडे जाऊ नका, तिथे पैसा जातो आणि वहिनींच्या उपचाराचा वेळही वाया जातो.

प्रतिसाद (वर्ध्याहून)

भाऊ, आमच्या घरी नायटा एकाचा बरा झाला की दुसऱ्याला उठायचा. सगळ्यांनी एकाच वेळी औषध घेतलं तेव्हा गेला. टॉवेल, चड्ड्या वेगळ्या ठेवा, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. भावाला ढगळ सुती कपडे घालू द्या, ट्रकमध्ये तासन्‌तास घाम मुरतो.

धागाकर्ता

ताई, भाऊ, आभार. सोमवारी त्याला यवतमाळला नेतो. वहिनींना काय सांगून न्यायचं, हे मात्र सुचत नाही.

ताई

गरोदरपणाच्या तपासणीत एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी तशीही असते. त्यांचं कार्ड बघा, चाचणी झाली असेल तर कधी झाली ते पाहा. झाली असली तरी जखमेची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला, चाचणी परत करावी लागेल. बाकीचं भावानेच सांगायला हवं, तुम्ही नाही. क्लिनिकमधल्या समुपदेशकाला त्याने आधीच सांगितलं, तर ते दोघांना एकत्र बसवून बोलतात. जाताना ट्यूब आणि कार्ड दोन्ही सोबत घ्या.